बिनदशांची सतरंजी

ओल्मेर हे नाव तेव्हा दिल्लीत कुणाला माहीत नव्हतं. युरोपात आणि अमेरिकेत या कंपनीची शहराबाहेर, हमरस्त्याला लागून, विमानतळाएवढी दुकानं होती. पलंग, कपाटं, पडदे, चमचे सगळं एका छताखाली, आणि सगळं इतरांपेक्षा स्वस्त. भारतात मात्र कंपनी काही विकत नव्हती. ती इथून फक्त माल घ्यायची. त्यासाठी गुडगावच्या उद्योग विहारमध्ये एका काचेच्या इमारतीचा दुसरा मजला तिनं भाड्यानं घेतला होता, आणि १९९९ साली मयुरा भिंगारदिवे तिथे टेक्निशियन म्हणून लागली. माल तपासायचा, कारखान्यांशी बोलायचं, तक्रारी निस्तरायच्या, असं ते काम होतं.

मयुरा दिल्लीतच वाढलेली. वडील, सूर्यकांत भिंगारदिवे, मूळचे नगरचे. केंद्र सरकारच्या हातमाग खात्यात सुताची रंगाई शिकवण्यात त्यांची बत्तीस वर्षं गेली. आई गेल्यावर बापलेक दोघं जनकपुरीतलं घर सोडून गुडगावच्या एका नव्या टॉवरमध्ये नवव्या मजल्यावर राहायला आले. बाल्कनीतून एका बाजूला अर्धवट बांधलेले आणखी टॉवर दिसायचे आणि दुसऱ्या बाजूला अजून न विकलं गेलेलं मोहरीचं शेत. दिवे गेले की खालचा जनरेटर सुरू व्हायचा आणि सूर्यकांत रेडिओ कानाशी धरायचे.

मयुराकडे पानिपत होतं. दर पंधरा दिवसांनी ती कंपनीच्या क्वालिसमधून सकाळी लवकर निघायची आणि दहापर्यंत जुनेजा हँडलूम्सच्या फाटकाशी पोचायची. मालक हरबंसलाल जुनेजा साठीचे होते. फाळणीनंतर त्यांचे वडील झंगहून आले आणि चार मागांवर खेस, म्हणजे जाड सुती चादरी, विणू लागले. आता मागांची संख्या पावणेदोनशेवर गेली होती. मयुरा मराठी आहे हे कळल्यावर पहिल्या दिवशी त्यांनी लढाईचा विषय काढला, तसा तो पानिपतात प्रत्येक जण काढतो. दुसऱ्या भेटीपासून ते फक्त सुताबद्दल बोलू लागले.

ओल्मेरसाठी जुनेजा एकच वस्तू बनवत. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची सुती सतरंजी, दोन्ही टोकांना गाठी मारून सोडलेल्या दशा. ऑफिसात सगळे फ्रिंज म्हणत, कारखान्यात झालर. 'दशा' हा शब्द मयुराला वडिलांनी सांगितला, तोही ती नोकरीला लागल्यावर. "तुझ्या आजीला विचारलं असतंस तर लहानपणीच कळला असता," ते म्हणाले होते.

सतरंज्या कारखान्यात विणल्या जात, पण दशांच्या गाठी पडत त्या कारखान्यामागच्या गावात, घराघरांत. संतरो नावाची पंचेचाळिशीची एक बाई रोज सकाळी फाटकावरून गठ्ठे हातगाडीवर घालून न्यायची, पस्तीसेक घरांत वाटायची आणि दिवस मावळायच्या आत परत आणून द्यायची. त्या घरांतल्या सुना कामाला बाहेर पडत नसत. गावात ती रीत नव्हती. चुलीवर दूध ठेवायचं, म्हशीला वैरण टाकायची, मधल्या वेळात गाठी मारायच्या. मयुराच्या मापपट्टीला त्या गाठींत क्वचितच खोट सापडायची.

२००१ च्या उन्हाळ्यात युरोपातल्या एका वर्तमानपत्रात दुसऱ्याच एका कंपनीबद्दल बातमी आली. तिचे गालिचे कसल्या अंधाऱ्या खोल्यांत तयार होतात, त्याचे फोटो होते. ओल्मेरचा त्यात उल्लेख नव्हता. तरी दोन महिन्यांत मुख्यालयातून सोळा पानांची पुस्तिका आली. तिला सगळे 'कोड' म्हणू लागले. पाणी, उजेड, संडास, आग लागली तर बाहेर पडायची वाट, कामाचे तास. वाचताना मयुराला बरं वाटलं होतं. नवव्या पानावर एक कलम होतं की कंपनीचं कोणतंही काम कुणाच्या घरी होता कामा नये, कारण जिथे कंपनीचा निरीक्षक जाऊ शकत नाही तिथे काय चालतं याची हमी कंपनी देऊ शकत नाही.

हे कलम समजावून सांगायला मुख्यालयातून एरिक आला. उंच, मृदू बोलणारा, स्वतःची बॅग स्वतः उचलणारा. गुडगाव ऑफिसचा प्रमुख पुष्कर सबनीस सोबत होता. पुष्कर पुण्याचा, मयुराच्याच वयाचा. दोघं एकमेकांशी मराठीत बोलत. जुनेजांच्या केबिनमध्ये चहा-समोसे झाले आणि एरिकनं अर्धा तास कोडबद्दल सांगितलं; त्यात मागांच्या शेडला नवं छतही हवं होतं. मग हातातल्या वहीचं पान उलटून तो पुढच्या वर्षीच्या भावाकडे वळला. कंपनीची रीत साधी होती आणि एरिक ती लपवतही नसे: दुकानातली किंमत आधी ठरते, मग त्या किमतीत बसेल अशी वस्तू बनवायची. आणि दुकानातली किंमत दरवर्षी थोडी खाली आली पाहिजे.

जुनेजांनी पुष्करकडे पाहिलं. "सबनीस साहब, छत भी नई चाहिए और दाम भी कम?"

पुष्करनं ते इंग्रजीत सांगितलं. एरिक हसला नाही. तो म्हणाला की दोन्ही एकदम कठीण आहे हे त्याला कळतं, म्हणूनच कंपनी संख्या वाढवेल. पुढची तीन वर्षं ही सतरंजी ओल्मेरच्या प्रत्येक दुकानात राहील, असा त्याचा शब्द आहे. लेखी काही झालं नाही. एका वर्षापलीकडचा करार कंपनी कुणाशीच करत नसे.

एरिक हात धुवायला गेला तेव्हा जुनेजा म्हणाले की बायकांचं झंझट नको, ठेकेदाराकडून वीस माणसं आणू आणि मागांच्या शेडमध्येच गाठी मारून घेऊ.

"मग त्या बायकांचं काय?" मयुरानं विचारलं.

"मैडम, कोड तो आपका है," ते म्हणाले.

त्यावर मयुरानं जे सुचवलं ते तिचं स्वतःचं होतं. कुणी तिला सांगितलेलं नव्हतं. फाटकाच्या डाव्या हाताला जुनेजांची मोकळी जागा होती. तिथे बायकांसाठी वेगळा हॉल बांधायचा. दार वेगळं, संडास वेगळे, आत एकही पुरुष नाही. गावातून ने-आण करायला छोटी गाडी. नवख्या हातांनी गाठी बिघडल्या की येणाऱ्या तक्रारींचं कारण सांगून तिनं जुनेजांना पटवलं, आणि गाडी परतीला लागेपर्यंत पुष्करलाही. "चांगली आयडिया आहे," पुष्कर म्हणाला. "एरिकला आवडेल. पण बायकांना तयार तूच कर हं."

ती तीनदा गावात गेली. संतरोच्या अंगणात बाजेवर बसायचं, लस्सीचा मोठा पेला संपवायचा, आणि मग बोलायचं. संतरोला स्वतःला काही अडचण नव्हती. नवरा वारल्यापासून ती कुणाला विचारत नसे. पण सुनांची घरं वेगळी होती. तिसऱ्या भेटीला अंगणात गावातले सात-आठ पुरुष आले. त्यांतल्या सर्वांत म्हाताऱ्यानं हुक्का बाजूला ठेवून विचारलं, "बहुएँ बाहर जाएँगी, लोग बात बनाएँगे। चलो, वो भी सह लेंगे। पर यो चालैगा कितने दिन?"

मयुरा म्हणाली, "तीन साल तो पक्का, बाबाजी।"

"लिख के देगी?"

"लिखकर नहीं दे सकती। मैं कह रही हूँ।"

म्हाताऱ्यानं हुक्का पुन्हा जवळ ओढला. मग म्हणाला की पोरगी शिकलेली आहे, तीनदा एवढ्या लांबून आली आहे, खोटं कशाला बोलेल.

पस्तीसपैकी तेवीस जणी आल्या. उरलेल्या बारांची घरं नाहीच म्हणाली; त्यांच्याकडचं काम त्या महिन्यात बंद झालं. मयुरानं त्या बारा जणींबद्दल फार विचार केला नाही. तेवीस ही तिला मोठी संख्या वाटली होती.

हॉल चांगला झाला. उंच खिडक्या, सहा पंखे, खाली जाड चटया. पहिले आठ दिवस बायका पदर हनुवटीपर्यंत ओढून बसल्या होत्या. मग एका दुपारी मयुरा आत गेली तर सगळ्यांची डोकी उघडी होती आणि कुणीतरी कुणाच्या तरी सासूची नक्कल करत होतं. तिला पाहून क्षणभर सगळ्या गप्प झाल्या आणि मग संतरोच आधी हसली. संतरोला आता हिशेबनीस म्हणून भिंतीशी एक खुर्ची मिळाली होती, पण ती खाली बसूनच काम करायची; खुर्चीवर सगळ्यांचे डबे असायचे. विशीतली कमलेश नावाची एक सून, जी सासऱ्याशी भांडून आली होती, दुपारच्या सुट्टीत संतरोला सही शिकवायची. गाठी मारता मारता कुणाची सोयरीक ठरली, कुणाचं दुखणं बाहेर आलं. घराघरांत एकेकटी बसून जे कधी बोलल्या नसत्या, ते त्या तिथे बोलल्या.

त्या वर्षी ओल्मेरच्या वार्षिक अहवालात हॉलचं पानभर छायाचित्र आलं. मधोमध संतरो, मांडीवर सतरंजी, बोटांत दशा. मयुरानं एक प्रत तिला नेऊन दिली. घरी वडिलांनाही दाखवली. सूर्यकांतांनी चष्मा लावून ते पान बराच वेळ पाहिलं.

"हॉल छान आहे," ते म्हणाले. "आम्हीही विणकरांच्या सोसायट्या काढायचो. उद्घाटनाला मंत्री यायचे."

"मग?"

"मग काही नाही. काही चालायच्या, काही नाही. तू चांगलं काम केलंस, बेटा."

दीड वर्ष असं गेलं. २००३ च्या फेब्रुवारीत पुष्करनं तिला केबिनमध्ये बोलावलं आणि संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. त्यावर त्याच सतरंजीचं नवं ड्रॉइंग होतं. निळे-पांढरे पट्टे तसेच होते. टोकाला दशा नव्हत्या. कड आत दुमडून शिवलेली होती.

"फ्रिंज काढली," पुष्कर म्हणाला.

"का?"

"दोन-तीन कारणं आहेत. व्हॅक्यूम क्लीनरमध्ये अडकते म्हणून तक्रारी येतात. घडी जाड होते. फ्रिंज नसली की एका कंटेनरमध्ये पाचवा हिस्सा माल जास्त बसतो. आणि साधी कड असली की पॉवरलूमवर विणून मशीनवर शिवता येते. दुकानातली किंमत एक तृतीयांश खाली येतेय, मयुरा. एकदम तुफान चालेल ती."

"कोणी ठरवलं?"

"डिझाइनवाल्यांनी. आपल्याला कुठे विचारतात, तुला माहितीये."

"आणि त्या बायका?"

पुष्करनं कपाळ चोळलं. त्यालाही हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं. "जुनेजाची ऑर्डर जात नाहीये. उलट दुप्पट होतेय. त्याला लूम घ्यायला आपण मदतही करतोय."

"एरिकनं तीन वर्षं म्हटलं होतं."

"सतरंजी तीन वर्षं राहील, असं म्हणाला होता. सतरंजी आहेच की, यार." त्यानं पडदा पुन्हा स्वतःकडे वळवला. "सॉरी. मलाही बरं वाटत नाहीये. पण तू मला सांग, मी कुणाला काय लिहू? की स्वस्त करू नका?"

मयुरा हट्टानं एवढंच म्हणाली की त्या बायकांसाठी दुसरी वस्तू शोधू या. पुष्कर लगेच हो म्हणाला. त्यानं खरंच मनापासून म्हटलं होतं. महिनाभर मयुरा हॉलमध्ये बसून नमुने करत राहिली. उशांचे अभ्रे, चारी बाजूंनी गाठींची जाळी. कमलेशनं तिच्या माहेरची एक तिपेडी गाठ दाखवली, तीच सगळ्यांत सुंदर दिसली. बायकांना मयुरानं नवीन वस्तू एवढंच सांगितलं होतं, आणि त्या हौसेनं रंग निवडत होत्या. सात अभ्रे मुख्यालयाला गेले.

एरिकचं उत्तर लांबलचक आणि प्रेमळ होतं. अभ्रे त्याच्या टेबलावर आहेत, येणारा-जाणारा प्रत्येक जण ते हातात घेतो. पण दुकानांची संख्या पाहता ही वस्तू करायला निदान दोन हजार बायका लागतील, आणि तेवीस बायका जेवढी करू शकतील तेवढा थोडा माल विकायची कंपनीकडे सोयच नाही. त्यानं मयुराच्या तळमळीचं कौतुक केलं होतं आणि पुष्करला त्या पत्राची प्रत पाठवली होती.

सांगायला मयुरा स्वतः गेली. जुनेजा म्हणाले होते, मुनीम सांगेल, तुम्ही त्रास घेऊ नका. ती नको म्हणाली. हॉलमध्ये शेवटचे गठ्ठे सुरू होते. तिनं सगळ्यांना हात थांबवायला सांगितलं आणि नव्या सतरंजीचा नमुना मधोमध उलगडला.

संतरोनं पुढे होऊन कड चिमटीत धरली, उलटसुलट करून पाहिली. "यो नीचे तै उधड़ैगी नहीं?"

"नाही उसवणार. आत दुमडून शिवलीय," मयुरानं हिंदीत सांगितलं.

"मशीन गांठ मारण लागी के?"

"गाठच नको आहे त्यांना."

ते समजायला बायकांना वेळ लागला. यंत्रानं काम घेतलं असतं तर त्यांना कळलं असतं. कमलेशनं विचारलं की मग पूर्वीसारखे गठ्ठे घरी पाठवाल का. मयुरानं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्या कारखान्यांचं काम मिळेल का, असं कुणीतरी म्हटलं, त्यावर संतरोच म्हणाली की दोन वर्षांत त्या कारखान्यांनी आपापली गावं धरली आहेत, तिथल्या बायकांच्या तोंडचा घास कोण काढून देईल.

"आणि ते अभ्रे?" कमलेशनं विचारलं.

"त्यांना आवडले," मयुरा म्हणाली. "पण घेणार नाहीत."

कुणी रागावलं नाही. मयुरा रागाची तयारी करून आली होती. कुणी त्या म्हाताऱ्याला दिलेल्या तीन वर्षांच्या शब्दाचा विषय काढला असता तर तिच्याकडे निदान ऐकून घेण्याचं काम उरलं असतं. संतरोनं सगळ्यांना हाक मारून हातातल्या सतरंज्या पुऱ्या करायला सांगितल्या. अर्धवट टाकायच्या नाहीत, म्हणाली. मयुरा दाराशी उभी राहिली आणि त्या शेवटचा गठ्ठा संपवेपर्यंत कुठे पाहावं हे तिला कळेना.

त्या रविवारी तिनं वडिलांना विचारलं, "पपा, नोकरी सोडू का?"

सूर्यकांत वाटाणे सोलत होते. "सोडलीस तर तुझ्या जागी जो येईल, त्याला त्या बायकांची नावंही माहीत नसतील."

"म्हणजे राहू?"

"राहून काय करणार आहेस, ते मला सांगता येत नाही, बेटा. मी बत्तीस वर्षं राहिलो. मलाही कुणी सांगितलं नाही."

ती राहिली. जुनेजांनी त्या हॉलमध्ये चोवीस पॉवरलूम बसवले. तपासणीला परदेशातून आलेल्या निरीक्षकानं उंच खिडक्यांची, पंख्यांची आणि वेगळ्या संडासांची तारीफ केली. पानिपतातला सर्वांत चांगला शेड, असं त्यानं अहवालात लिहिलं. नवी सतरंजी खरोखरच तुफान खपली. मयुराला बढती मिळाली. आता उत्तर भारतातल्या सगळ्या कारखान्यांचं कोड तिच्याकडे होतं.

पुढच्या वर्षी कंपनीनं नवी दिशा घेतली. जुन्या कपड्यांच्या सुतापासून बनवलेल्या वस्तू आणायच्या. कमी कापूस, कमी पाणी, लेबलवर हिरवं पान. पानिपतात असलं सूत पूर्वीपासून बनत होतं. परदेशात लोकांनी टाकलेले लोकरी कपडे जहाजानं यायचे, फाडून पिंजले जायचे आणि त्याच्या सुताची कांबळी व्हायची. जुनेजांनी हे सूत घेऊन नवा गालिचा विणायला घेतला. सूत कुठून येतं हे कोडच्या फॉर्ममध्ये विचारलेलं नव्हतं. फॉर्म फक्त जुनेजांच्या फाटकापर्यंतचा होता. मयुरानंच एका दुपारी ड्रायव्हरला सांगितलं की सूतगिरणी पाहून जाऊ.

गिरणीचा मालक तिला घेऊन मागच्या शेडकडे गेला. पत्र्याखाली कोटांचे, स्वेटरांचे डोंगर लागले होते. त्यांच्या पायथ्याशी बायका बसल्या होत्या, समोर जमिनीत रोवलेली उभी पाती. कोट पात्यावर धरायचा, बटणं, चेन, अस्तर कापून बाजूला टाकायचं, उरलेलं मागे. हवेत लोकरीचे बारीक तंतू तरंगत होते, इतके की पलीकडची भिंत धुरकट दिसत होती. बायकांनी तोंडाला ओढण्या बांधल्या होत्या. त्यांतली एक उठून उभी राहिली आणि तिनं ओढणी खाली केली.

"मयुरा बेटी?"

संतरो होती. तिच्या पलीकडे कमलेश, आणखी सहा-सात ओळखीच्या. कमलेशनं हसून हात वर केला. हाताच्या तळव्यावर चिंधी गुंडाळली होती.

संतरोनं मयुराला शेडबाहेर कडुनिंबाखाली आणलं. बोलताना तिला मधे मधे खोकला येत होता. ती तोंड वळवून खोकायची आणि वाक्य जिथे सुटलं तिथून पुढे बोलायची. काम बरं आहे, म्हणाली. रोज मिळतं. कमलेशच्या सासऱ्यानंही आता काही म्हणायचं सोडलंय. एकदा सवय लागली की लागली. मग तिनं विचारलं, "एक बात बता। इतने बढ़िया कोट वो लोग फेंकते क्यूँ हैं?"

मयुरा म्हणाली की हे मी वर कळवते. इथली हवा वाईट आहे, हे चालणार नाही.

"कळवलंस तर काय होईल?" संतरोनं विचारलं. तिच्या स्वरात उपरोध नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मयुरानं विचार केला आणि जे होईल ते सांगितलं. कंपनी जुनेजांना सांगेल की या गिरणीचं सूत घेऊ नका.

"फेर?"

"फिर वो कहीं और से लेंगे।"

"और हम?"

संतरोनं डोक्यावरचे तंतू झटकले. "तो मत लिखियो, बेटी," ती म्हणाली, आणि मालक पाहतोय म्हणून आत गेली.

परतताना दिल्लीत शिरायच्या आधी करनाल बायपासला गाडी अडकली तेव्हा मयुरानं पुष्करला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "आपल्या स्कोपमध्ये नाही ते," तो म्हणाला. "तू तिथे गेलीस हे ऑफिशियली मला माहीत नाही. लिहिलंस तर मला पुढे पाठवावं लागेल. मग काय होईल ते तुला माहितीये."

"माहितीये."

"काय करायचं, सांग. मी तुझ्याबरोबर आहे, बिल्कुल."

तो तिच्याबरोबर होता, यात शंका नव्हती. मयुरानं गिरणीचं नाव न घालता एरिकला पत्र लिहिलं की सूत जिथे बनतं तिथपर्यंत कोड न्या, आणि नेताना पंखे आणि धूळ ओढणारी यंत्रं बसवायला पैसेही द्या. नुसता नियम नेऊ नका. शेवटचं वाक्य तिनं तीनदा वाचून पाहिलं. सहा आठवड्यांनी उत्तर आलं की मुद्दा फार महत्त्वाचा आहे आणि २००८ नंतरच्या कार्यक्रमात त्याचा विचार होईल. तोवर तिनं स्वतः करोल बागेतून कापडी मास्कचे दोन खोके आणले आणि गिरणीत नेऊन दिले. बायकांनी ते दोन दिवस लावले. एप्रिलच्या उन्हात पत्र्याखाली त्यातून श्वास घेता येईना, म्हणून काढून ठेवले. कमलेशनं ते धुऊन, घडी करून परत दिले, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडतील म्हणून.

मेमध्ये ती गेली तेव्हा संतरो शेडमध्ये नव्हती. छाती भरलीय, घरी आहे, कमलेश म्हणाली. मयुरा गावात गेली. संतरो अंगणात उशांना टेकून बसली होती, आडवं झालं की खोकला वाढतो म्हणून. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या बाजेखाली होत्या. मयुरानं दिल्लीच्या डॉक्टरांकडे न्यायची गोष्ट काढली. संतरो बघू म्हणाली, गव्हाचं आटपलं की, आणि सुनेला चहा टाकायला सांगितला.

चहा येईपर्यंत दोघी बोलत राहिल्या. मग सून आत गेल्यावर संतरोनं आवाज खाली आणून विचारलं की जुनेजांच्या त्या हॉलमध्ये सुनेला काही काम मिळेल का. तिथली हवा चांगली आहे, म्हणाली, मला माहीत आहे.

हॉलमध्ये आता सगळे पुरुष होते, बिहारमधून ठेकेदारानं आणलेले. मयुराला ते ठाऊक होतं, आणि रोज त्याच रस्त्यानं जाणाऱ्या संतरोलाही ठाऊक असणार.

"विचारते," मयुरा म्हणाली.

"हाँ, पूछ लियो," संतरो म्हणाली.

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला. तीन वाजता जुनेजांकडे परदेशी निरीक्षक येणार होता आणि कागद तिच्याकडे होते. मयुरानं गरम चहा घाईनं संपवला. संतरो तिला फाटकापर्यंत सोडायला उठू लागली, तेव्हा मयुरानं तिच्या खांद्याला धरून तिला पुन्हा बसवलं.